जुलैत निघालेली वाईन

प्रभाकरकाका बोरस्ते कुणाच्याही घरी गेले की आधी दारातच थांबत आणि वास घेत. मी अमेरिकेतल्या कॅरी गावात नवीन घर घेतलं तेव्हा शेजारी म्हणून ते भेटायला आले. गॅरेजच्या दारात उभे राहिले, दोनदा खोल श्वास घेतला आणि नावगाव विचारायच्या आधी म्हणाले, "वॉटर हीटरच्या मागे उंदीर मेलाय." मेला होता. मग त्यांनीच फावडं मागून घेतलं, उंदीर पुरला, हात धुतले आणि म्हणाले, "मी बोरस्ते. चौथं घर. चहाला या, पण सेंट लावून येऊ नका."

काका मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षबाग. पुण्याला शेतीचं शिक्षण घेतलं, मग अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका शेतीऔषधांच्या कंपनीत पिकांच्या रोगांवर तीस वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाचे लोक क्रूझवर जातात, नातवंडं सांभाळतात. काकांनी वाईन आयात करायचा परवाना काढला. वाईन एकच, रेड, आणि तीही एकाच बाईची. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला काओर नावाचा भाग आहे, तिथे ओदेत नावाच्या बाईंची दहा एकर बाग होती. ती वाईन इतकी गडद असायची, की ग्लास खिडकीकडे धरला तरी पलीकडचं दिसायचं नाही.

महाराष्ट्र मंडळात कुजबुज झालीच. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय बोरस्ते, दारू विकायला लागलात म्हणे?"

"दारू नाही," काका पत्रावळ पुढे करत म्हणाले. "एका बाईचं पीक विकतो. वरण वाढा."

गंमत म्हणजे काका स्वतः दोन घोटांपेक्षा जास्त कधी प्यायले नाहीत. पहिला घोट तोंडात खेळवून बेसिनमध्ये टाकायचे, दुसरा गिळायचे. मग ग्लास उपडा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असे. वरच्या मजल्यावरची पाहुण्यांची खोली त्यांनी नमुन्याच्या बाटल्यांसाठी घेतली होती आणि तिथे बारा महिने एसी लावून तेरा डिग्री राखले होते. भर उन्हाळ्यात आलेले पाहुणे त्या खोलीत रजई घेऊन झोपत. खाली वाईन चाखताना उदबत्तीच्या वासाने चव कळत नाही म्हणून इंदूकाकूंचं देवघर तळमजल्यावरून वर गेलं, तेव्हा काकू चार दिवस बोलल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "आंबवायचंच होतं तर इडलीचं पीठ आंबवायचं. माणसांच्या उपयोगी तरी पडलं असतं."

ओदेतबाईंची भेट कशी झाली ते काका फार रंगवून सांगत. फ्रान्समध्ये बोर्दोला कसली तरी परिषद होती. सुट्टीच्या दिवशी काका भाड्याची गाडी घेऊन भटकायला निघाले. नदीकाठच्या एका बागेत पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले म्हणून गाडी थांबवली आणि कुंपण ओलांडून सरळ आत शिरले. इतक्यात एक उंच, हाडकुळी बाई हातात छाटणीची कात्री घेऊन ओरडत धावत आली. काकांना फ्रेंच येत नव्हतं, बाईंना इंग्रजी जेमतेम. काकांनी एक पान तोडलं, उलटं केलं आणि तिच्यासमोर धरलं. खालच्या बाजूला पांढरी बुरशी. "डावणी!" काका म्हणाले. या रोगाला आपल्या निफाडच्या शेतकऱ्याचा शब्द. बाईंनी पान घेतलं, कात्री खिशात घातली आणि त्यांना पुढच्या ओळीत नेऊन आणखी पानं दाखवली. काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बागेतच होते. परिषदेचा पुढचा दिवसही त्यांनी तिथेच काढला. पुढे दोघांची एक जोडभाषा तयार झाली, अर्धी इंग्रजी, अर्धी फ्रेंच, रोगांची नावं मराठी. त्या काकांना 'प्रोफेसर' म्हणत. काका त्यांना समोर मादाम म्हणत आणि आमच्यात ओदेतबाई.

बाई विधवा, मूलबाळ नाही. शेजारच्या मोठ्या इस्टेटीचा मालक दरवर्षी हिवाळ्यात येऊन बागेचा भाव विचारून जायचा. ओदेतबाईंच्या वाईनपैकी निम्मी काका घेत, म्हणून त्या त्याला दरवर्षी नाही म्हणू शकत होत्या. हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळेच वाईनच्या बाबतीत ते कुणाला सोडत नसत.

एकदा मी त्यांच्यासोबत जवळच्या रॅली शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये गेले होते. मालक जाडजूड, हसतमुख माणूस. काकांना तो 'डॉक' म्हणे. दारातच काकांनी नाक वर केलं. स्वयंपाकघरात गेले तर ओदेतबाईंच्या बाटल्या पिझ्झाच्या भट्टीच्या वरच्या फळीवर रचलेल्या. काकांनी थर्मामीटर काढून फळीवर ठेवला आणि वाट पाहत उभे राहिले. आकडा बघितला. मग एकेक बाटली उतरवून खोक्यात भरायला लागले.

"डॉक, अहो काय करताय? विकत घेतल्यात मी."

"पैसे परत पाठवतो."

"वाईनच आहे, डॉक!"

"भर उन्हात तुमचा कुत्रा गाडीत बंद करून ठेवाल?"

मालकाचं हसू गेलं. वेटर थांबले. काकांनी शेवटची बाटली भरली, मला खोक्याचं एक टोक धरायला सांगितलं आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काका, चांगलं गिऱ्हाईक होतं." ते म्हणाले, "हो ना," आणि गाडीचा एसी पूर्ण वाढवला.

असा माणूस. म्हणून पुढे जे झालं ते मला आजही सरळ सांगता येत नाही.

काकांचा एक नियम होता. जून ते ऑगस्ट वाईन समुद्रावर येऊ द्यायची नाही. माल एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरनंतर, आणि तोही थंड कंटेनरमधून. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांची बायपास झाली. एप्रिलचा माल राहून गेला. घरी आल्यावर ते मोजकं चालत, मोजकं बोलत, आणि दर दोन दिवसांनी ओदेतबाईंना फोन लावत. तिकडे पावसाने थैमान घातलं होतं. नदीकाठच्या दोन्ही तुकड्यांवर डावणी पसरली होती, त्या हंगामाचं पीक जवळजवळ गेलंच होतं. बाईंकडे विकायला उरली होती ती आधीच्या वर्षाची, पिंपातून बाटल्यांत भरून ठेवलेली वाईन. त्यात इकडे युरोपातून येणाऱ्या वाईनवर शुल्क वाढणार अशा बातम्या रोज.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मला बोलावलं. मी एका औषध कंपनीत परवान्यांच्या कागदपत्रांचंच काम करते, त्यामुळे काकांचे आयातीचे फॉर्म मीच भरत असे. डायनिंग टेबलवर फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सप्टेंबर," ओदेतबाई म्हणत होत्या. "प्रोफेसर, थांबू या. तूच नेहमी म्हणतोस."

"सप्टेंबरपर्यंत शुल्क वाढलं तर कुणी घेणार नाही, मादाम. आत्ता पाठव."

"ऊन आहे."

"पाठव. मी बघतो."

फोन ठेवला. मी मालवाहतूक कंपनीच्या साइटवर गेले. थंड कंटेनरला तीन आठवड्यांची वेटिंग होती. साधा लगेच मिळत होता. "काका, साधा करायचा?" मी विचारलं. त्यांनी खिशातल्या थर्मामीटरला हात लावला, काढला नाही. "उष्णतारोधक ब्लँकेट घालतात आता," ते म्हणाले. "कर." स्वयंपाकघरातून काकू बघत होत्या. त्यांना वाईनमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज कळत होता. "नको असेल तर नको ना करू," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "इंदू, तू यात पडू नकोस." मी बटण दाबलं.

माल इकडे नॉरफोकच्या बंदरात पोचला आणि नऊ दिवस अडकला. कागद कुठेतरी चुकले होते. त्या नऊ दिवसांत काका रोज सकाळी फोनवर नॉरफोकचं हवामान बघायचे, फॅरनहाइटमध्ये. अठ्ठ्याण्णव. एकशे एक. नव्व्याण्णव. शेवटी ऑगस्टमध्ये खोकी रचलेले दोन लाकडी पॅलेट जवळच्या मॉरिसव्हिलच्या भाड्याच्या गोडाऊनमध्ये आले. वरच्या खोक्यांत तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र असायचं, काडेपेटीएवढं. दरवेळी काका खोकं उघडल्याबरोबर ते काढून लॅपटॉपला लावायला सांगत. या वेळी त्यांनी ते काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं.

"काका, वाचायचं ना?"

"वाचू."

"एखादी बाटली उघडून बघू या?"

"प्रवासाने वाईन थकते. सहा आठवडे पडू दे."

ते खोटं नव्हतं. वाईनला खरंच विश्रांती लागते. पण त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी कॅरीतल्या एका हॉलमध्ये चाखण्याचा कार्यक्रम ठरला होता. दुकानदार, रेस्टॉरंटवाले, मंडळातले काही डॉक्टर आणि इंजिनियर, मिळून चाळीस माणसं. आणि ओदेतबाई स्वतः. एकाहत्तर वर्षांच्या बाई आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत आल्या होत्या. राखाडी केसांचा अंबाडा, जांभळा स्कार्फ, आणि कात्री धरून धरून वाकडी झालेली उजव्या हाताची तर्जनी. थंड खोलीत त्यांना छान झोप लागली. सकाळी काकूंनी केलेले पोहे त्यांनी दोनदा घेतले.

कार्यक्रमाच्या तासभर आधी काका आणि मी हॉलच्या स्वयंपाकघरात होतो. काकांनी पहिली बाटली उघडली. बुचाच्या कडेने वरपर्यंत एक जांभळी रेघ चढली होती. त्यांनी बूच नाकाशी नेलं आणि तसेच उभे राहिले. मग ग्लासात थोडी ओतली, वास घेतला आणि ग्लास माझ्यापुढे केला. मला वाईनमधलं फार कळत नाही, पण साखरेच्या पाकात शिजत ठेवलेल्या मनुकांचा वास मलाही आला. आधीच्या वर्षी असा वास नव्हता.

त्यांनी दुसरी उघडली. तिसरी. सहा बाटल्या उघडल्या. प्रत्येकीची रेघ वर चढलेली, वाईन उष्णतेने फुगून बुचाशेजारून झिरपलेली. काकांच्या वरच्या ओठावर घाम होता. मी खुर्ची सरकवली, ते बसले नाहीत.

तेवढ्यात तो पिझ्झाभट्टीवाला मालक डोकावला. भांडण विसरून तो आला होता, बायकोलाही घेऊन. त्याने काकांचा चेहरा बघितला, ग्लास उचलून वास घेतला आणि दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक, ओता. बाहेरच्या चाळिसांतल्या दोघांनाही कळणार नाही."

"मला कळलं," काका म्हणाले.

"तिचं काय? एवढ्या लांबून आलीय ती."

काका दार उघडून बाहेर गेले. मी मागोमाग. ओदेतबाई पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसल्या होत्या. काका टेबलाजवळ उभे राहिले. हातात एकच बाटली.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज वाईन मिळणार नाही. ती वाटेत उन्हाने बिघडली आहे. मादामनी सप्टेंबरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. साधा कंटेनर मी निवडला. वाईन त्यांनी उत्तम केली होती, खराब मी केली."

कुणीतरी खुर्ची सरकवली. ओदेतबाई उठल्या. शांतपणे टेबलाजवळ आल्या, काकांच्या हातातून बाटली घेतली, ग्लासात ओतली आणि उभ्या उभ्या सगळी प्यायल्या.

"चांगली आहे," त्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ओत, प्रोफेसर."

"नाही, मादाम."

"माझी वाईन आहे. मी म्हणते चांगली आहे."

"नाही."

दोघं एकमेकांसमोर उभे होते, बाईंच्या मानेची शीर उडताना दिसत होती. मला वाटलं, त्या त्यांना मारतील. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, इतका हळू की आवाजही झाला नाही, आणि चाळीस माणसांच्या मधून दाराबाहेर निघून गेल्या. काकू त्यांच्या मागे धावल्या. खिडकीतून मी बघितलं, पार्किंगमध्ये ओदेतबाई गाड्यांच्या मधून तरातरा चालत होत्या आणि काकू साडी सावरत त्यांच्या बाजूने. दोघींना धड येईल अशी एकही भाषा नव्हती. दोन चकरा झाल्यावर काकूंनी त्यांच्या हाताला धरलं आणि गाडीत बसवलं. घरी नेऊन वरणभात आणि लिंबाचं लोणचं वाढलं. ते बाईंनी खाल्लं, असं नंतर काकूंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओदेतबाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. मी आले तेव्हा त्यांनी रुमालातलं ते यंत्र माझ्या हातात ठेवलं. "आता तू ठेव," ते म्हणाले. "माझ्याने होत नाही."

एक वाजता वरचं दार उघडलं. बाईंनी बूट घातले होते, बाह्या दुमडल्या होत्या. "गोडाऊन," त्या म्हणाल्या.

मॉरिसव्हिलच्या त्या गार शेडमध्ये मी लॅपटॉप एका खोक्यावर ठेवला आणि यंत्र जोडलं. पडद्यावर आलेख उमटला. बंदरातले नऊ दिवस डोंगरांच्या रांगेसारखे दिसत होते, शिखरं पन्नास डिग्री सेल्सिअसच्या वर. ओदेतबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"मी सप्टेंबर म्हटलं होतं."

"हो."

"तू जुलै म्हणालास."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "काल पहिल्या वासालाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मला आशा होती, की तू म्हातारा झाला असशील. तुझं नाक गेलं असेल."

काकांनी मान खाली घातली. मग मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, एक बाटली उचलली आणि तिच्या गळ्यावरचं, बुचावर चढवलेलं धातूचं टोपण चिमटीत धरून फिरवलं. ते फिरेना. आतून वाईन झिरपून चिकटलं होतं. ती बाजूला ठेवली. पॅलेटच्या अगदी तळातली, मधली बाटली ओढून काढली. तिचं टोपण गर्रकन फिरलं. ती उघडली. वास घेतला. काकांच्या नाकाखाली धरली. काकांनी डोळे पुसले, पुन्हा वास घेतला आणि घोट घेतला. गिळला.

"ही जिवंत आहे," ते म्हणाले.

कंटेनरमध्ये सगळ्यात जास्त ऊन वरच्या आणि बाहेरच्या थरांना लागतं. मधले, तळातले वाचू शकतात. हे काकांना माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही सुचत नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही तेराशेच्या वर बाटल्या तपासल्या. मी खोकी उचलायची, ओदेतबाई उघडायच्या, काका टोपणं फिरवायचे. प्रत्येक खोक्यातली एक बाटली उघडून दोघं वास घ्यायचे. कधी एकमत, कधी वाद. "गेली." "नाही गेली." "मादाम, गेली." मतभेद झाला की बाटली बादच करायची, असं बाईंनीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा चेहरा पांढरा पडला आणि हात छातीकडे गेला. मी फोन काढला. ओदेतबाईंनी त्यांना ढकलून उलट्या खोक्यावर बसवलं, पाणी पाजलं, मनगट धरून नाडी बघत राहिल्या. दहा मिनिटांनी रंग परत आला. "डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. काकांनी ओदेतबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ. आत्ता." आम्ही गेलो. काही गंभीर नव्हतं. तिसऱ्या दिवशी काका खुर्चीवर बसूनच काम करत होते आणि बाई त्यांना उठू देत नव्हत्या.

निम्म्याहून थोड्या जास्त बाटल्या वाचल्या. बाद झालेल्या ओदेतबाईंनी स्वतः रिकाम्या केल्या, एकेक, गोडाऊनच्या मोरीत. काकांनी मदत करायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "या माझ्या आहेत."

काकांनी वाचलेली प्रत्येक बाटली विकताना गिऱ्हाइकाला सगळी हकिकत सांगितली. काहींनी घेतली नाही. पिझ्झाभट्टीवाल्याने दहा खोकी घेतली आणि या वेळी तळघरात ठेवली. ओदेतबाईंनी त्या हिवाळ्यात नदीकाठचे दोन तुकडे शेजारच्या इस्टेटीला विकले. टेकडीवरचा वरचा तुकडा, जिथे डावणी कमी येते, तो ठेवला. त्यातून होणारी वाईन थोडी असते, पण अजून होते. काकांनी परवाना पुढे चालवला नाही. "नाक आहे," ते म्हणाले, "पण मी घाबरतो हे मला कळलं. घाबरणाऱ्याने दुसऱ्याचं पीक हातात घेऊ नये." मी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. फोन मात्र दर रविवारी चालू राहिला.

काका गेल्या मार्चमध्ये गेले. झोपेत, शांतपणे. त्यांना शेवटचं मी बघितलं ते त्याआधी तीनेक आठवडे, फेब्रुवारीतल्या एका कोरड्या सकाळी. मी ऑफिसला निघाले होते. कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणावर मस्कडाईनची वेल आहे, इकडची रानटी जाडसालीची द्राक्षं. त्या घरात एक तरुण अमेरिकन बाई नुकती राहायला आली होती. काका तिच्या अंगणात स्टुलावर उभे होते, डोक्यावर माकडटोपी, आणि वेलीची लांबलचक काडी हातात धरून तिला काहीतरी समजावत होते. ती मान हलवत होती, एवढं कापायला तयार नव्हती. काकांनी दोन बोटं दाखवली. काडीवर दोनच डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे, बाकी कापायचं, असं सांगत असावेत. ती अजून कचरत होती. मी गाडी हळू केली, काच खाली करून हाक मारावी असं वाटलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते जपून स्टुलावरून उतरले, कात्री तिच्या हातात दिली आणि तिचं मनगट धरून योग्य जागेवर आणलं. मग हात काढून घेतला आणि एक पाऊल मागे सरकले.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मला निघावं लागलं. तिने कापलं की नाही, ते मी बघितलं नाही.